धुळीआडची तबकडी

(दृश्य: चाहनांतोरचं पठार, एकाच वेळी वळणाऱ्या अँटेना)

चिलीतलं आटाकामा वाळवंट, समुद्रसपाटीपासून 5000 मीटर उंचीवरचं पठार. अवकाशातून येणाऱ्या मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींना हवेतलं बाष्प आडवं येतं आणि इथे ते नावालाच आहे. म्हणून 'आल्मा' वेधशाळेच्या 66 अँटेना इतक्या उंचीवर आणून बसवल्या. बघा, सगळ्या एकाच दिशेला वळताहेत.

(दृश्य: मोठा मॅगेलन मेघ, मग झोताचा जवळून फोटो)

त्या दिशेला आहे मोठा मॅगेलन मेघ, आपल्या आकाशगंगेची शेजारीण. अंतर सुमारे 1,60,000 प्रकाशवर्षं. तिथल्या या तांबूस वायूच्या ढगातली ही बारीक रेघ जवळपास 33 प्रकाशवर्षं लांब आहे. हा आहे एका कोवळ्या महाकाय ताऱ्यातून सुटलेला झोत, नाव एचएच 1177. 'व्हेरी लार्ज टेलिस्कोप'ने तो आधीच टिपला होता. झोत आहे म्हटल्यावर त्याच्या बुडाशी ताऱ्याभोवती फिरणारी वायूची तबकडी असणार, हा अंदाज होता. तो पडताळून पाहिला आल्माने.

(दृश्य: लाल-निळा वेगनकाशा)

निळ्या बाजूचा वायू आपल्याकडे येतोय, लाल बाजूचा दूर जातोय. आता कडेकडून मध्याकडे नजर न्या. ताऱ्याजवळचा वायू जोरात, लांबचा सावकाश. ग्रह सूर्याभोवती फिरतात तोच नियम. आकाशगंगेबाहेरची अशी तबकडी 2023 साली पहिल्यांदाच दिसली. आपल्याकडचे असे तारे दाट धुळीत गुरफटलेले असतात. तिथे धूळ कमी, म्हणून हा तारा साध्या प्रकाशातही दिसतो.

(दृश्य: ॲनिमेशन)

सूर्याच्या आठ पटींहून जड तारा पूर्ण वाढण्याआधीच प्रखर तळपू लागतो. त्याचा प्रकाश धुळीला बाहेर ढकलतो, धुळीबरोबर वायूलाही. मग तो आणखी वाढतो कसा? या कोड्याने खगोलशास्त्रज्ञांना कित्येक वर्षं छळलं. उत्तर या तबकडीत आहे: वायू कडेने आत येत राहतो आणि प्रकाशाला ध्रुवांकडून वाट मिळते. म्हणूनच या तबकड्या शोधण्यासाठी एवढा खटाटोप.

(दृश्य: आल्माने टिपलेली आणखी एक तबकडी)

ही आपल्याच आकाशगंगेतली, 11,000 प्रकाशवर्षांवरची. मधला तारा सूर्याच्या सुमारे 40 पट जड. कडेचा हा ठिपका बघा. तबकडीचाच तुकडा पडून तिथे दुसरा तारा आकार घेतोय, पहिल्याच्या जेमतेम ऐंशीव्या हिश्श्याएवढा. थोरला काही दशलक्ष वर्षांत इंधन संपवून स्फोटात फुटेल. धाकटा त्याहून कितीतरी अधिक काळ जळू शकतो.