कोबा वरनं वाळलाय, आतनं नाही

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 ला धोका, 2019 च्या ऑगस्टमध्ये तर ते 57 च्याही वर गेलेलं, हे आकडे इथल्या पोरासोरांना पाठ आहेत. पण घराखालच्या मातीतनं गुपचूप वर चढणाऱ्या ओलीला ना पातळी ना भोंगा.

हा गावभागातल्या एका जुन्या घराचा हॉल. शहाबादी फरशी उखडली, फेब्रुवारीत 4 इंची कोबा ओतला, आणि आता काकूंना त्यावर लाकडी फ्लोअरिंग पाहिजे, तेही गणपतीच्या आत. पट्ट्यांची खोकी येऊन पडलीयत, सुतारमामा मात्र एकही खोकं फोडत नाहीत.

"अहो मामा, पाच महिने झाले की ओतून, दगड झालाय त्याचा."
"दगड झालाय काकू, पण वाळलाय कुठं?"

इथंच सगळे फसतात. 28 दिवस म्हणतात ते मजबुतीचे, वाळण्याचे नाहीत. वाळायला ढोबळमानानं इंचाला एक महिना धरतात, तोही हवा कोरडी असेल तर, आणि जून लागला की आपल्याकडं धुतलेली चादर वाळत नाही तिथं कोबा काय वाळणार.

मामांची पहिली परीक्षा अगदी स्वस्तातली. दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिक, चारी कडा टेपनं बंद, रात्रभर तसंच. सकाळी उचललं तर आतनं दवबिंदू आणि खालचा कोबा काळपट. काकू गप्प. पण हे प्लॅस्टिक कोरडं निघालं तरी निर्धास्त व्हायचं नाही, कारण ते वरवरचंच सांगतं. खरा आकडा पोटात असतो, म्हणून जाडीच्या 40 टक्के, म्हणजे इथं दीड इंचाच्या जरा पुढं भोक पाडायचं, त्यात ओल मोजणारा सेन्सर घालून तोंड बंद करायचं आणि दुसऱ्या दिवशी वाचायचं. लाकडासाठी आतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या आत लागते. इथं आली 88.

का? तर कोबा ओतताना सोलिंग, म्हणजे खालचा दगडांचा थर, झालं, मुरूम झाला, पण खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा राहून गेला. कागद नसला की जमीन वर्षभर वर पाणी पाजत राहते, मग अजून सहा महिने थांबून तरी काय उपयोग. त्यात काळी माती, पाणी धरून बसणारी. असंच न तपासता लाकूड टाकलेली एक खोली मामांनी बघितलीय, पहिल्याच पावसाळ्यात पट्ट्या कडेनं उचलल्या, मधे खोलगट, चालताना होडीत बसल्यागत.

मग ठरलं, ओल वर येऊ नये म्हणून वरनं दोन भाग मिसळून लावायचं इपॉक्सी मारायचं. पण ते धरायला कोबा स्वच्छ पाहिजे आणि आमच्या गवंड्यांना शेवटी सिमेंट भुरभुरून गुळगुळीत घोटायची भारी हौस, दिसायला आरसा, पण ती वरची साय कच्ची असते, चिकटवलेलं सगळं तिच्यासकट सुटून येतं. पाण्याचे चार थेंब टाकून बघा, मोत्यासारखे वरच राहिले तर काहीतरी थर आहे, जिरले तर ठीक. इथं राहिले. म्हणून ग्राइंडर, तोंडाला चांगला मास्क, कारण ही धूळ फुप्फुसाला वाईट, मागनं व्हॅक्युम. झाडूनं भागत नाही.

नंतर मामा हातोडीच्या दांड्यानं ठोकत फिरले, बद्द वाजलं ती पोकळ जागा फोडून भरायची. मग दहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी फिरवली. दहा फुटांत 5 मिलिमीटरपर्यंत चालतं, दाराशी 11 निघाले. उंचवटा घासायचा, खड्डा सेल्फ लेव्हलिंगनं, म्हणजे आपोआप सपाट पसरणाऱ्या मिश्रणानं, भरायचा, प्रायमर आधी लावून. खोलीला उतार असला तरी चालेल, लाटा नकोत.

खोकी अजून भिंतीपासनं लांब, फळकुटांवर ठेवलीयत, लाकडाला खोलीची हवा लागायला.

गणपती आला तेव्हा इपॉक्सी मारून झालं नव्हतं. यंदा आरास घासलेल्या करड्या कोब्यावरच झाली, आणि मखराखाली सेन्सरचं भोक होतं, त्यावर काकूंनी आठवणीनं चिकटपट्टी लावलेली.