चेंडू टाकणाऱ्याची बॅट

नमस्कार श्रोतेहो.

क्रिकेटवेड्या माणसाला बेसबॉल समजावून सांगायला बसलं की गाडी पहिल्यांदा अडते ती पिचरपाशी. पिचर म्हणजे त्यांचा गोलंदाज. मैदानाच्या मधोमध मातीचा एक बुटका उंचवटा असतो. त्यावर उभं राहून साधारण साठ फुटांवरच्या फलंदाजाकडे तो चेंडू फेकतो. टप्पा नाही, धावत येणं नाही, जागच्या जागी पाय उचलायचा आणि सगळं अंग झोकून द्यायचं. संघाचा खर्च, काळजी, कौतुक सगळं त्याच्या खांद्यावर. फलंदाजीचं विचाराल, तर तिथे त्याच्याकडून कुणी काही मागत नसे. आपला चंद्रशेखर आठवा. कसोटीत विकेट २४२ आणि धावा अवघ्या १६७! त्याने एक धाव काढली तरी लोक टाळ्या वाजवायचे. बेसबॉलमधले बहुतेक पिचर याच पंक्तीतले.

एक फरक मात्र आहे. क्रिकेटमध्ये अकराव्या नंबरच्या गड्यावर पाळी येईलच असं नाही. बेसबॉलमध्ये नऊ जणांचा क्रम सामनाभर फिरत राहतो, त्यामुळे नवव्या जागेवरचा पिचरही तीन-चार वेळा बॅट घेऊन उभा राहणारच. त्याला लपवायला जागा नाही. मोक्याच्या क्षणी मॅनेजरपुढे पेच पडतो. पिचरच्या जागी चांगला फलंदाज पाठवावा, तर पिचर त्या सामन्यातून कायमचा बाद. एकदा बाहेर गेलेला गडी परत आत येत नाही. न पाठवावा, तर हातची संधी वाया जाते.

आज ज्याच्याबद्दल बोलायचं आहे, त्याच्यामुळे हा पेचच उरत नसे. त्याचं नाव वेस फेरेल. बेब रूथ आपल्याकडेही थोडाफार ऐकून माहीत असतो. तोही पिचर म्हणूनच आला होता. पण त्याची फलंदाजी बघून संघाने त्याला पिचिंगमधून बाजूला काढलं, आणि त्याचे होम रन पडले ते मुख्यतः त्यानंतर. फेरेल पिचरच राहिला. राहून त्याने कारकिर्दीत ३८ होम रन मारले, म्हणजे ३८ वेळा चेंडू थेट कुंपणापार धाडला. त्यातले ३७ पिचर म्हणून खेळताना. हा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे.

जन्म २ फेब्रुवारी १९०८ चा. गाव ग्रीन्सबरो, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं. घरचा दुधाचा धंदा, आणि घरात सात मुलगे. सात भाऊ आणि मोकळं शेत म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. वेसहून सव्वादोन वर्षांनी मोठा रिक. तो कॅचर झाला, म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा. हे दोन भाऊ वेगळे काढून ही गोष्ट सांगताच येत नाही.

वेस क्लीव्हलंडच्या संघात आला १९२७ मध्ये. पूर्ण हंगाम खेळायला मिळाला तो १९२९ ला. त्या वर्षी त्याने २१ सामने जिंकून दिले, पुढच्या वर्षी २५, मग २२, मग २३. वर्षाला वीस विजय ही तिथल्या पिचरची मोठी मोजपट्टी, आणि आधुनिक काळात पहिल्या चारही पूर्ण हंगामांत ती ओलांडणारा हा पहिलाच. गंमत बघा, १९३० साली त्याने एकही होम रन मारला नव्हता. १९३१ ला मारले नऊ. पिचरने एका हंगामात मारलेले हे सर्वाधिक.

त्याच वर्षीचा २९ एप्रिल. क्लीव्हलंडचं मैदान, समोर सेंट लुईस ब्राउन्सचा संघ, आणि त्या संघाचा कॅचर कोण, तर रिक फेरेल. वेसच्या चेंडूंवर त्या दिवशी कुणाची बॅट नीट लागतच नव्हती. चेंडू मारून फलंदाजाने सुखरूप बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा थांबा, गाठला की तो हिट. समोरच्या संघाला अख्ख्या सामन्यात एकही हिट मिळू न देणं याला नो-हिटर म्हणतात. कित्येक थोर पिचरांच्या नशिबी हे एकदाही येत नाही. बेसबॉलचा सामना नऊ छोट्या डावांचा, आणि आठव्या डावापर्यंत हिटचा रकाना कोरा होता. मग आला रिक. त्याने चेंडू जमिनीलगत शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे, मारला. शॉर्टस्टॉप बिल हनेफील्डने उचलून पहिल्या बेसकडे फेकला, पण फेक भरकटली आणि रिक सुखरूप पोहोचला. आता हे रिकचं यश मानायचं की क्षेत्ररक्षकाची चूक? फैसला वर बसलेल्या अधिकृत स्कोअररच्या पेन्सिलीत. त्याने चूक लिहिली. वेसचा नो-हिटर वाचला. थोरल्या भावाने धाकट्याच्या पराक्रमावर बोळा फिरवायला काही कमी केलं नव्हतं, हे आपल्या बाजूने लक्षात ठेवू.

सामना क्लीव्हलंडने ९-० असा जिंकला. त्या नवांपैकी चार धावा खुद्द वेसच्या बॅटमुळे आल्या, एका होम रनने आणि एका डबलने, म्हणजे थेट दुसऱ्या बेसपर्यंत नेणाऱ्या फटक्याने. एकाच दुपारी समोरच्यांना एक हिट मिळू द्यायचा नाही आणि आपण कुंपणापलीकडे मारायचं, हे लोभीपणाचंच लक्षण म्हटलं पाहिजे.

यातल्या नाटकाची परतफेड दोन वर्षांनी झाली. १९ जुलै १९३३. आता रिक बॉस्टन रेड सॉक्सकडे गेला होता, वेस क्लीव्हलंडकडेच. रिक फलंदाजीला उभा, समोर वेस. रिक काही दणकेबाज फलंदाज नव्हता, वर्षाकाठी दोन-चार होम रन म्हणजे पुष्कळ. त्या दिवशी त्याने सख्ख्या भावाचा चेंडू उचलून कुंपणाबाहेर टाकला. आणि त्याच सामन्यात वेसनेही रेड सॉक्सच्या पिचरला होम रन मारला. तेव्हा त्याच्या पाठीमागे हातमोजा पसरून बसलेला कॅचर होता रिक. तो चेंडू काही त्याच्या हातमोज्यात आला नाही. दोन विरुद्ध संघांतल्या भावांनी एकाच सामन्यात होम रन मारायची लीगमधली ती पहिलीच वेळ.

तोवर वेसचा खांदा मात्र बोलू लागला होता. वर्षाला तीनशेच्या आसपास डाव चेंडू फेकायचे, तेही अंग मोडेस्तोवर वेगाने. १९३३ च्या हंगामात वेग गेला, विजय ११ वर आले. संघाने काय केलं? काही सामन्यांत त्याला चक्क बाहेरच्या क्षेत्ररक्षणाला उभं केलं. हात गेला तरी बॅट शाबूत होती, ती कशाला वाया घालवायची. पुढे पैशांवरून वाजलं, १९३४ चा हंगाम सुरू झाला तरी स्वारी घरी बसून. शेवटी मे महिन्यात क्लीव्हलंडने त्याला बॉस्टनला देऊन टाकलं. म्हणजे रिककडे.

हा माणूस स्वभावाने कसा होता, तेही सांगायला हवं. जमदग्नी. हरल्यावर हातमोजा फाडायचा, घड्याळ पायाखाली चिरडायचा, स्वतःच्याच तोंडावर ठोसे लगावायचा, असे किस्से त्याच्याबद्दल ढिगाने सांगतात. सगळे खरे असतील असं मला वाटत नाही. पण नोंदलेली प्रकरणंही कमी नाहीत. १९३२ मध्ये मॅनेजरने बाहेर ये म्हटल्यावर तो उंचवट्यावरून हलेना, म्हणून निलंबित झाला. १९३६ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला भर सामन्यात, कुणी बोलावलेलं नसताना, आपल्या क्षेत्ररक्षकांवर चिडून मैदान सोडून निघून गेला. मॅनेजर जो क्रोनिनने हजार डॉलर दंड ठोकला. त्या काळचे हजार डॉलर! रिक याच्या अगदी उलट, थंड डोक्याचा. समोर बसून तो खुणा करायचा आणि हा उंचवट्यावर उभा राहून मान हलवायचा, नको, दुसरा चेंडू टाकतो.

तरी ही जोडी जमली. वेग गेलेल्या वेसने चेंडूची जागा आणि गती बदलत राहायचं तंत्र बसवलं. त्यातून उगवलं १९३५ साल. २५ विजय. ३१ सामने त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकले. दोन्ही आकडे त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी त्याच्या लीगमध्ये, सर्वांत मोठे. आणि बॅट? १५० प्रयत्नांत ५२ हिट, म्हणजे शंभरातून जवळजवळ पस्तीस. शंभरातून तीस जमले तरी निव्वळ फलंदाज म्हणून खेळणाऱ्याची कॉलर ताठ होते, हे इथे लक्षात घ्या.

जुलैतले लागोपाठचे दोन दिवस तर कादंबरीत घातले तर वाचक म्हणेल, जरा आवरा. २१ जुलै, बॉस्टनचं फेनवे पार्क, समोर डेट्रॉइट. वेस त्या दिवशी खेळतच नव्हता. उंचवट्यावर होता लेफ्टी ग्रोव्ह, त्या काळचा सर्वांत मोठा डावखुरा पिचर. नवव्या डावात बॉस्टन मागे पडलेलं, दोन गडी बेसवर आणि पाळी ग्रोव्हची. क्रोनिनने त्याच्या जागी फलंदाज पाठवला, आणि पाठवला कोण, तर दुसरा पिचर! वेसने टॉमी ब्रिजेसला होम रन मारला, तीन धावा, सामना खलास. दुसऱ्या दिवशी सेंट लुईसविरुद्ध पिचिंगची पाळी त्याचीच. पुन्हा नववा डाव, पुन्हा वेस फलंदाजीला, आणि पुन्हा होम रन. आपलाच सामना त्याने आपल्याच बॅटने संपवला.

त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो दुसरा आला. पहिला हँक ग्रीनबर्ग.

मला सांगावंसं वाटतं ते इथेच. फेरेलच्या फलंदाजीकडे लोक करमणूक म्हणून बघत, आजही बघतात. पण ते ३१ सामने तो शेवटपर्यंत टाकू शकला, याचं एक कारण त्याची बॅट होती. दुसऱ्या पिचरला सातव्या-आठव्या डावात, हात चांगला चालत असतानाही, फलंदाजीसाठी काढावं लागे. याला काढायची गरजच नव्हती. कारकिर्दीत असे पूर्ण टाकलेले सामने २२७. हिशेब लिहिणारे मात्र पिचिंग एका वहीत लिहीत, फलंदाजी दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही वह्या कुणी शेजारी ठेवत नसे.

उतार लवकर आला. १९३६ मध्ये वीस विजय मिळवले, ते अखेरचे. १९३७ च्या जूनमध्ये दोन्ही भाऊ एकत्रच वॉशिंग्टनला गेले. तिथून १९३८ मध्ये वेसला सोडून दिलं. मग थोडं यँकीज, थोडं ब्रुकलिन, आणि १९४१ मध्ये बॉस्टन ब्रेव्हज. तिथे मोजून चार सामने पिचिंग केलं, त्यातही जाता जाता एक होम रन मारला. अडतिसावा.

मोठ्या लीगचं दार बंद झालं, म्हणून हा घरी बसला नाही. छोट्या गावांच्या लीगमध्ये खेळाडू आणि मॅनेजर अशा दुहेरी नात्याने गेला, आणि आता पिचर म्हणून नव्हे, फलंदाज म्हणून. १९४२ मध्ये व्हर्जिनियातल्या लिंचबर्गसाठी ३१ होम रन मारले. १९४८ मध्ये, चाळिशी गाठल्यावर, मॅरियन नावाच्या गावाकडून खेळताना शंभरातून साडेबेचाळीस हिट. समोर चेंडू टाकणारी पोरं त्याच्या निम्म्या वयाची. लीगचा दर्जा कमी होता हे खरं, पण चाळिशीच्या माणसाने असं मारणं म्हणजे त्या पोरांवर अन्यायच की.

आता दोन्ही भावांच्या वह्या उघडू. रिक १८ हंगाम खेळला, सहा हजारांवर वेळा फलंदाजीला उभा राहिला, आणि होम रन २८. वेस त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या वेळा, आणि होम रन ३८. सरासरी रिकची शंभरात २८.१, वेसची २८.०. एवढं करून १९८४ मध्ये कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या दालनात, गेला तो रिक. वेस त्याआधीच, १९७६ च्या डिसेंबरमध्ये, वारला होता, आणि त्याला तिथे अजून जागा नाही. १९३ विजय, १२८ पराभव, आणि दर नऊ डावांमागे चार धावा देण्याची सरासरी. हा शेवटचा आकडा जड जातो म्हणतात. पण १९३० हे वर्ष तर फलंदाजांनी धावांचा पाऊस पाडण्याचं, आणि त्या दशकात पिचरांचे आकडे सगळ्यांचेच फुगलेले. रिक उत्तम कॅचर होता, त्याच्या सन्मानाबद्दल माझी तक्रार नाही. घरातल्या दोघांपैकी एकच न्यायचा असता, तर मी धाकट्याला नेलं असतं.

वेसचा विक्रम मोडायला आता वाटही फारशी उरलेली नाही. अमेरिकन लीगने १९७३ पासून पिचरच्या जागी फलंदाजी करायला वेगळा गडी नेमायची मुभा दिली. नॅशनल लीगने २०२२ पासून तेच कायम केलं. आजचा पिचर बॅट हातात घेतच नाही. अपवाद एकच, जपानचा शोहेई ओहतानी. पण त्याचे बहुतेक होम रन ज्या दिवशी तो पिचिंग करत नाही त्या दिवसांचे, ते या खात्यात धरत नाहीत. पिचिंगच्या दिवशीचे तेवढे मोजायचे, तर त्यालाही ३७ पर्यंत पोहोचायला उंचवट्यावरचे बरेच हंगाम लागतील.

माझी वेळ संपली. नमस्कार.