कलम धरेपर्यंत

(हिरडीच्या ग्राफ्ट शस्त्रक्रियेनंतरच्या काळाबद्दल एका हिरडीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. सुरुवात माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून करते, कारण आज जे सांगणार आहे ते मला त्या चुकीनेच शिकवलं.

प्रॅक्टिस सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. एका शिक्षिकेच्या खालच्या पुढच्या दाताची हिरडी जवळजवळ ४ मिलिमीटर खाली सरकली होती. टाळूतून मांसाचा पातळ तुकडा घेऊन मी तिथे बसवला. टाके छान पडले होते. जाताना बाईंच्या हातात छापील कागद दिला: हे खाऊ नका, ते करू नका, ओठ ओढू नका. दहाव्या दिवशी त्या आल्या तेव्हा ग्राफ्टचा अर्धा भाग राखाडी पडून सुटला होता. बाईंनी औषधं वेळेवर घेतली होती, मऊ खाल्लं होतं. फक्त रोज सकाळ-संध्याकाळ आरशासमोर उभं राहून, ओठ खाली ओढून, बरं होतंय ना एवढं बघत होत्या. कुणीही बघेल. ओढू नका हे कागदावर होतं, पण का ओढायचा नाही हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी हे 'का' आधी सांगते आणि कागद नंतर देते.

ग्राफ्टला आपल्याकडे फार चांगला शब्द आहे, कलम. कोकणातल्या मंडळींनी कोयकलम बांधताना पाहिलं असेल. कोयीतून आलेल्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटतात, खोडाला चीर देतात, हापूसच्या काडीला पाचरीसारखा छेद देऊन ती चिरेत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट आवळतात. काडीची पानं आधीच काढलेली असतात, म्हणजे तिच्यातला ओलावा उडून जात नाही. खालून रस चढायला लागेपर्यंत काडीला अंगच्या ओलाव्यावर तग धरावा लागतो. या दिवसांत कलम धरलं का म्हणून कुणी पट्टी सोडून बघत नाही. बघितलं की ते मेलंच.

तोंडात अगदी हेच चालतं. टाळूतून तुकडा कापला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. नव्या जागी बसवल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्याच्यात रक्त वाहत नसतं. खालच्या जागेतून जो द्रव पाझरतो, तेवढ्यावर तो जगतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्या त्याच्यात शिरू लागतात आणि दहा-अकरा दिवसांत बऱ्यापैकी जाळं तयार होतं. पुढचे चार-पाच आठवडे पक्कं होण्याचे. ऑलिव्हर, लो आणि कारिंग या संशोधकांनी १९६८ मध्ये माकडांच्या हिरड्यांवर हे टप्पे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नोंदवले आणि आजही आम्ही त्याच दिवसांच्या हिशेबाने चालतो.

यात एक अडचण आणखी आहे. ग्राफ्टचा मधला भाग ज्यावर टेकतो ते दाताचं उघडं मूळ. त्याच्या पृष्ठभागात रक्तवाहिन्या नाहीत. ती जमीन नव्हे, खडक आहे. मधल्या भागाला जे काही मिळायचं ते आजूबाजूच्या हिरडीतूनच. म्हणून ग्राफ्ट अर्धा मिलिमीटर जरी हलला, तरी शिरू पाहणाऱ्या वाहिन्या तुटतात. ओठ ओढणं, जोरात चूळ भरणं, पिंक टाकल्यासारखं थुंकणं, स्ट्रॉने ओढून पिणं, जिभेने चाचपत बसणं, या सगळ्याला मनाई आहे ती एवढ्यासाठीच. टाके घालून झाल्यावर आम्ही पाच-पाच मिनिटं ओला गॉज दाबून धरतो, तेव्हा पेशंटला वाटतं डॉक्टर नुसत्याच बसल्या आहेत. ग्राफ्टखाली रक्ताची जाड गाठ राहिली तर पाझर वर पोचत नाही, म्हणून तो दाब.

आता घरी गेल्यावर काय होतं ते सांगते. शस्त्रक्रिया तास-दीड तासाची, जागा बधिर करून केलेली. बधिरपणा उतरला की दुखतं, आणि बहुतेकांना हिरडीपेक्षा टाळू जास्त दुखतो. हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर लोक घाबरतात. ग्राफ्ट दोन तऱ्हांनी घेतात. टाळूची वरची त्वचा उघडून आतला थर काढला आणि त्वचा पुन्हा शिवून टाकली, तर जखम बंद राहते आणि त्रास कमी होतो. वरच्या त्वचेसकट तुकडा काढला, ज्याला आम्ही फ्री ग्राफ्ट म्हणतो, तर टाळूवर उघडी जखम राहते. गरम बटाटेवड्याने टाळू भाजतो ना, तसं, पण दोन ते चार आठवड्यांचं. अशा वेळी आम्ही टाळूवर बसणारी पातळ प्लेट देतो. ती घालून जेवता येतं.

त्या रात्री उशी जरा उंच घ्या. गालावर बाहेरून बर्फ लावा, पंधरा मिनिटं लावायचा, पंधरा मिनिटं काढायचा, पहिला दिवस-दीड दिवस. टाळूतून थोडं रक्त येऊ शकतं. लाळेत मिसळून ते खूप दिसतं, म्हणून घरातली माणसं हबकतात. स्वच्छ गॉज किंवा गार पाण्यात भिजवून पिळलेली चहाची पिशवी टाळूवर ठेवून वीस मिनिटं सलग दाबा. मध्ये काढून बघू नका. चहातलं टॅनिन रक्त थांबायला मदत करतं. वीस मिनिटांनीही थांबलं नाही तर फोन करा, मग रात्रीचे किती वाजलेत ते बघू नका.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते. तिसऱ्या दिवसानंतर ती उतरण्याऐवजी वाढायला लागली, ताप आला, घाण वास येऊ लागला, तर मात्र दवाखाना गाठायचा.

पाचव्या-सहाव्या दिवशी ज्या फोनची मी वाटच पाहत असते तो येतो. "डॉक्टर, सगळं पांढरं पडलंय, पू झालाय." फ्री ग्राफ्टचा सगळ्यात वरचा थर मरून सालीसारखा सुटतो, तो पांढुरका दिसतो. खाली जिवंत ग्राफ्ट असतो. पावसाळ्यात पायाची कातडी पांढरी होऊन सोलवटते, तसाच प्रकार. तो थर नखाने, कापसाने, ब्रशने काढायला जाऊ नका. आणि हो, तो दिसला म्हणजे तुम्ही ओठ ओढून बघितलंत, हेही मला कळतं. अगदीच चैन पडत नसेल तर नैसर्गिकपणे बोलता-हसताना जेवढं दिसतं तेवढ्याचा फोटो घरच्या कुणाला काढायला सांगा आणि तो मला पाठवा.

जेवणाचा प्रश्न सगळे विचारतात. पहिले दोन दिवस गार किंवा कोमट. ताक-भात, नाचणीची गार आंबील, दही, कुस्करलेलं केळं. मग मुगाची पातळ खिचडी, शिरा, वरणात भिजवलेली इडली. चकली, पापड, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी हे टाके निघून पुढे आठवडाभर तरी बंद. खिचडीत मोहरी असेल तर ती टाक्यात जाऊन बसते, म्हणून फोडणीच देऊ नका. तिखटाने ग्राफ्ट मरत नाही, पण टाळूची उघडी जखम असेल तर डोळ्यांतून पाणी येईल. एक आजी मला म्हणाल्या, एकादशी आहे, साबुदाणा चालेल का? मऊ खिचडी चालेल, म्हटलं, दाण्याचं कूट न घालता. त्या म्हणाल्या, मग ती खिचडी कसली. बरोबर होतं त्यांचं. त्यांनी त्या एकादशीला दूध आणि केळ्यावर भागवलं.

दात घासणं बाकीच्या तोंडात नेहमीसारखं, ग्राफ्टच्या जागी दोन-तीन आठवडे ब्रश अजिबात नाही. त्या काळात क्लोरहेक्सिडीनचं औषधी पाणी दिवसातून दोनदा. तोंडात धरायचं, डोकं हलकेच डावी-उजवीकडे कलवायचं आणि ओठ उघडून बेसिनमध्ये आपोआप सांडू द्यायचं. पेस्ट आणि हे पाणी यांच्यात अर्धा तास जाऊ द्या, पेस्टच्या फेसाने औषधाचा जोर कमी होतो. चहा-कॉफी पिणाऱ्यांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात आणि काही दिवस चव बदलल्यासारखी वाटते. डाग आम्ही नंतर साफ करून देतो. हळद, लवंगेचं तेल, तुरटी यातलं काहीही ग्राफ्टवर चोळायचं नाही. प्रेमाने सुचवणारं घरात कुणीतरी असतंच, त्यांना माझं नाव सांगा.

टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. पहिला आठवडा जड उचलणं, जिम, पळणं बंद. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, तुमचे हृदयरोगतज्ज्ञ आणि मी बोलून ठरवू. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आल्याशिवाय मी ही शस्त्रक्रिया करतच नाही. थोडं थांबल्याने हिरडीचं नुकसान होत नाही.

आता परिणाम काय मिळेल याबद्दल. इथे मला जास्त वेळ घ्यायचा आहे, कारण बहुतेक निराशा चुकीच्या अपेक्षेतून येते.

मूळ किती झाकलं जाईल, हे बऱ्याच अंशी शस्त्रक्रियेच्या आधीच ठरलेलं असतं. दोन दातांच्या मधलं हाड आणि मधली हिरडी शाबूत असेल, तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची चांगली शक्यता असते. ते हाड थोडं झिजलं असेल तर काही भाग झाकला जातो. खूप झिजलं असेल तर मूळ झाकण्याचं वचन कुणी देऊ नये. अमेरिकेतल्या मिलर यांनी १९८५ मध्ये हे चार वर्गांत मांडलं. २०११ मध्ये इटलीतल्या कायरो आणि सहकाऱ्यांनी त्याची सोपी, तीन प्रकारांची मांडणी केली. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "माझा प्रकार कोणता, आणि त्यात किती झाकलं जाईल?" याचं उत्तर एक्स-रे आणि मोजमाप बघून देता येतं. ग्राफ्टने हाड परत येत नाही, हेही आधी समजून घ्या.

सगळ्या ग्राफ्टचा हेतू मूळ झाकणं हा नसतोही. काही वेळा दाताभोवती घट्ट, न हलणारी हिरडी शिल्लकच नसते, ओठ हलला की कडही हलते आणि ब्रश लागला की दुखतं. तिथे जाड, घट्ट पट्टा तयार करणं एवढंच काम असतं. असा फ्री ग्राफ्ट पहिल्या काही महिन्यांत पाव ते तृतीयांश आकसतो. आम्ही ते धरूनच मोठा घेतो.

आणि रंग. हे परदेशी पुस्तकांत फारसं ठळक लिहिलेलं नसतं, पण आपल्याकडे रोज भेटतं. आपल्यापैकी पुष्कळांच्या हिरड्या सावळ्या असतात आणि टाळू मात्र फिकट गुलाबी. टाळूचा तुकडा त्वचेसकट समोरच्या दातावर लावला तर सावळ्या हिरडीवर गुलाबी ठिगळ दिसतं, आणि वर्षानुवर्षं दिसतं. त्याचं कारण कारिंग यांनीच १९७५ मध्ये दाखवलं. वरची त्वचा कशी होणार हे खालचा जोडऊतींचा थर ठरवतो. हापूसच्या काडीला हापूसच लागतो, मग खालचं रोप रायवळ असलं तरी. म्हणून हसताना दिसणाऱ्या दातांसाठी मी आतला थर घेते आणि तो तिथल्याच हिरडीच्या झाकणाखाली सरकवते. वर तुमचीच त्वचा, तुमचाच रंग. ही रीत लँगर आडनावाच्या दोन संशोधकांनी मिळून १९८५ मध्ये मांडली. लग्न ठरलेल्या मुलींच्या आया रंगाबद्दल विचारताना संकोचतात. संकोचू नका. हा प्रश्न शस्त्रक्रियेआधीच विचारायचा असतो.

निकाल कधी पाहायचा? टाके निघताना तर नाहीच. तेव्हा ग्राफ्ट सुजलेला, लालसर, बेढब दिसतो. सहा आठवड्यांनी तो आजूबाजूला मिसळू लागतो, खरा आकार सहा महिन्यांनी, आणि माझं शेवटचं मोजमाप मी एक वर्षाने घेते. कारण काहींच्या बाबतीत हिरडी पहिल्या वर्षात आपणहून दातावर आणखी थोडी सरकते, कधी अर्धा, कधी एक मिलिमीटर. सगळ्यांना हे मिळत नाही, त्यामुळे मी त्याचा हिशेब आधी धरत नाही. मिळालं की आम्ही दोघंही फोटो शेजारी-शेजारी ठेवून बघत बसतो. गार पाण्याची झिणझिण बऱ्याच जणांची कमी होते, काहींची थोडी उरते, तेवढ्यापुरती वेगळी पेस्ट लागते.

त्या शिक्षिकेचं पुढे काय झालं, तेही सांगते. चार महिने थांबून मी पुन्हा ग्राफ्ट केला. या वेळी आधी कलमाची गोष्ट सांगितली. त्यांच्या माहेरी गुहागरकडे आंब्याची बाग, त्यांना लगेच पटलं. घरी जाऊन त्यांनी बाथरूमच्या आरशावर टॉवेल टाकला आणि पंधरा दिवस तो काढला नाही. पूर्ण मूळ झाकलं गेलं.

(श्रोत्यांमधून एका बाईंचा प्रश्न: "मिशरी सोडली तर हिरडी आपोआप वर येते का?")

येत नाही हो, ताई. गेलेली हिरडी आपोआप भरत नाही. पण मिशरी चालू असताना मी ग्राफ्ट बांधला तर तो धरण्याची शक्यता फार कमी, कारण तंबाखूने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि बोट रोज त्याच जागी घासलं जातं. तंबाखू-चुन्याची गोळी जिथे ठेवतात, तिथेही असंच. मिशरी सोडल्याने एक गोष्ट नक्की होते, आहे तेवढी हिरडी टिकायला मदत होते. तुम्ही किती वर्षं लावताय? वीस? मग एकदम बंद करताना पहिले दोन आठवडे तोंड बेचव वाटेल, चिडचिड होईल, पोटही साफ होणार नाही. त्यासाठी आपण आधी औषधं देऊ. मिशरी बंद होऊन सहा आठवडे झाले की माझ्याकडे या, मी हिरडी मोजून बघते, मग ग्राफ्टची तारीख ठरवू.