सगळ्या छतांची उंची एकच

श्रोतेहो, नमस्कार.

गॉथिक चर्च म्हटलं की बहुतेकांना पॅरिसचं नोत्र दाम आठवतं. मधलं दालन आभाळाला भिडलेलं, दोन्ही बाजूंच्या पडव्या ठेंगण्या, आणि बाहेरून भिंतींना रेटा देणाऱ्या दगडी कमानी. पण चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या जर्मन भाषक मुलखात गेलात, तर हे चित्र बरंचसं बदलतं. तिथल्या पाथरवटांनी बाजूच्या पडव्या मधल्या दालनाइतक्याच उंच नेल्या. मग मधल्या छताचा भार पडव्याच पेलू लागल्या आणि बाहेरच्या टेकूकमानींची गरज उरली नाही. उजेड बाजूच्या उंच खिडक्यांतून सरळ आत येऊ लागला. अशा चर्चना हॉल चर्च म्हणतात.

ही रीत जुनीच. दक्षिण जर्मनीतल्या श्वेबिश ग्म्युंड गावात १३५१ मध्ये पार्लर या पाथरवट घराण्याच्या देखरेखीखाली असा मोठा गाभारा सुरू झाला आणि मग दक्षिणेत तिचा जोर वाढला. पण पैसा कोणाचा होता, हेही पाहायला हवं. न्यूर्नबर्ग, नोर्डलिंगन, डिंकल्सब्युल ही बिशपची ठाणी नव्हेत, व्यापारी शहरं. चर्च नगरवासीयांचं, खर्चही त्यांचाच.

आणि सामान? ते जिथं जे मिळेल ते. बाल्टिक किनाऱ्यावर बांधकामाचा दगड दुर्मीळ, म्हणून ल्यूबेकपासून श्ट्रालझुंडपर्यंत सगळा कारभार विटांचा. बव्हेरियातही वीटच. लांड्सहुटच्या सेंट मार्टिन चर्चचा मनोरा सुमारे १३० मीटरचा आहे, विटांच्या चर्च-मनोऱ्यांत जगात सर्वांत उंच. वरून सरदाराच्या किल्ल्यात डोकावता यावं म्हणून नागरिकांनी तो इतका चढवला, असं गावात गमतीनं सांगतात. खरंखोटं देव जाणे. मला मनोऱ्यापेक्षा आतले खांब जास्त थक्क करतात. सुमारे २२ मीटर उंच आणि जेमतेम एक मीटर जाड! आत उभं राहिलं की वरचं छत कशाच्या भरवशावर आहे, असा प्रश्न पडतो.

हे काम हान्स फॉन बुर्गहाउझनचं. तो १४३२ मध्ये वारला. त्याच चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर त्याची दगडी प्रतिमा आहे, आणि खाली त्यानं बांधलेल्या चर्चच्या गावांची नावं कोरली आहेत: साल्झबुर्ग, श्ट्राउबिंग, वासरबुर्ग वगैरे. एका मिस्तरीला एवढा मान! साल्झबुर्गच्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये तर त्यानं कमालच केली. जुन्या अंधाऱ्या दालनातून पुढे गेलं की उजेडानं भरलेला गाभारा लागतो, आणि त्यातला एक खांब नेमका मधोमध येतो. नियमाप्रमाणे तिथं खांब नसावा. त्यानं मुद्दाम ठेवला.

सॅक्सनीत वीट नाही, चांदी आहे. एर्ट्सगेबिर्गे डोंगरात १४९० च्या दशकात चांदीचे साठे सापडले, माणसं लोटली, आणि १४९६ मध्ये आनाबर्ग हे शहर वसलं. तीनच वर्षांत सेंट अ‍ॅन चर्चची पायाभरणी झाली आणि १५२५ पर्यंत काम आटोपलं. नव्या पैशाची घाई कळते, पण काम घाईचं नाही. छताच्या फासळ्या, म्हणजे छतावरून जाणाऱ्या दगडी पट्ट्या, सरळ जात नाहीत. याकोब हाइलमान या मिस्तरीनं त्या वळवल्या, गुंफल्या आणि ठिपके जोडून काढलेल्या रांगोळीतल्यासारख्या त्यांच्या पाकळ्या उमलवल्या. भार पेलणारी फासळी कोणती आणि नुसती नक्षीची कोणती, हे खालून सांगणं अवघड. फ्रेंच मिस्तरीला हे पाहून राग आला असता, असं मला वाटतं.

या चर्चमध्ये हान्स हेसनं १५२१ मध्ये रंगवलेली एक वेदी आहे. पुढून ती इतर वेद्यांसारखीच, धर्मकथांची. मागच्या बाजूला जा, आणि डोंगरउतारावर माणसं दिसतील: कोणी भुयारात उतरतो आहे, कोणी गाडा ढकलतो आहे, कोणी खनिज निवडतो आहे, भट्टी पेटली आहे, नाणी पाडली जात आहेत. वेदी खाणकामगारांच्या संघटनेनं करवून घेतली होती. आनाबर्गला जाणं झालं, तर समोरून पाहून परतू नका. वेदीला वळसा घाला.

नमस्कार.