रिकाम्या नळीत काय उरतं?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'रिकामी जागा खरोखर रिकामी असते का?' हा प्रश्न निघाला की गाडी थेट क्वांटमवर, म्हणजे अणूंच्या सूक्ष्म जगाच्या भौतिकीवर, जाते. माझा आग्रह असा, की आधी जागा रिकामी करून बघू. त्याला काय कष्ट पडतात ते कळलं, की उरलेल्याबद्दल बोलण्यात अर्थ आहे.

आपला 'निर्वात' हा शब्द फार नेमका आहे. वात नाही, एवढंच तो सांगतो. 'काहीच नाही' असं तो म्हणत नाही. तरी आपण 'निर्वात' आणि 'शून्य' एकाच अर्थाने वापरतो, मुलांनाही तसंच शिकवतो. हे मला मनापासून खटकतं, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

ही बघा, वीस मिलिलिटरची सिरिंज, सुई काढलेली. आत पाच मिलिलिटर पाणी, साधारण ५० अंशांचं. पाणी आधी उकळून घेतलंय, नाहीतर त्यात विरघळलेली हवा फसवते. तोंड वर धरून हवेचा बुडबुडा काढून टाकला. आता तोंडावर बोट घट्ट दाबायचं आणि दट्ट्या मागे ओढायचा. तीनेक किलो उचलायला लागतो तेवढा जोर लागतो. पुढच्या रांगेतल्यांना दिसतंय ना? पाणी खदखदतंय. बोट सैल पडलं तर सूं आवाज येऊन हवा शिरते आणि खेळ संपतो. दट्ट्या सोडला की बुडबुडे विरतात. जो बारीकसा उरतो तो पाण्यातून सुटलेल्या हवेचा. म्हणजे मी जागा मोकळी केली आणि पाण्यानेच ती वाफेने भरून टाकली.

इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेल्लीच्या नळीतही हेच होतं. एका टोकाला बंद नळी पाऱ्याने भरायची आणि पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी करायची. १६४४ साली त्याने या प्रयोगाबद्दल लिहिलं: पारा ७६ सेंटिमीटरवर थांबतो आणि वर मोकळी जागा राहते. निसर्गाला पोकळी चालत नाही, या जुन्या मताला मोठा धक्का बसला. पण त्या जागेत पाऱ्याची वाफ असते. २० अंश तापमानाला दर घन सेंटिमीटरमध्ये पाऱ्याचे सुमारे ४० लाख कोटी अणू. खोलीतल्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात, त्या मानाने हे नगण्य. पण याला रिकामं कसं म्हणायचं?

आता खरी रिकामी नळी. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी (जागेचं ताणणं-आखडणं) टिपणाऱ्या वेधशाळेला २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली, २,६०० कोटी रुपयांची. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे अशा वेधशाळा चालू आहेत. काटकोनात दोन भुजा, म्हणजे लेसरचा प्रकाश जाण्यासाठी निर्वात नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर. नळीचा व्यास सुमारे १.२ मीटर, स्टेनलेस स्टीलची भिंत जेमतेम तीन मिलिमीटर. एका वेधशाळेत आतली जागा दहा हजार घनमीटर.

पंप लावला की हवा जाते, तो सोपा भाग. पंचाईत भिंतींची असते. स्टीलच्या पृष्ठभागावर पाण्याचे रेणू चिकटून बसलेले असतात आणि ते महिनोन्‌महिने एकेक करून सुटत राहतात. म्हणून नळी भाजतात. बाहेरून उष्णतारोधक गुंडाळायचं, नळीतूनच सुमारे २,००० अँपिअर प्रवाह सोडायचा, १५० ते १७० अंशांवर महिनाभर ठेवायची, पंप चालूच. तरी हायड्रोजन उरतो, कारण तो पृष्ठभागावर नाही, स्टीलच्या पोटात विरघळलेला असतो. त्यासाठी पत्र्याची नळी करायच्या आधीच तो साडेचारशे अंशांच्या आसपास दीड दिवस तापवून घेतला होता.

गळती शोधायची तर बाहेरून सांध्यांवर हेलियम फवारतात आणि आत हेलियम ओळखणारं यंत्र लावतात. पण एक गळती अशी असते की बाहेरून कितीही फवारा, सापडत नाही. आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या, भोकात स्क्रू आवळला की त्याच्या तळाशी चिमूटभर हवा कोंडते आणि ती आट्यांमधून आठवडेच्या आठवडे झिरपते. उपाय साधा: स्क्रूला मधोमध आरपार भोक पाडायचं. उघड्या हाताने आतल्या भागाला स्पर्श केला तर बोटाचा तेलकट ठसासुद्धा वायू सोडत बसतो, म्हणून हातमोजे सक्तीचे.

एवढं करून दाब येतो वातावरणाच्या साधारण एक लाख कोटीव्या भागावर. आणि दर घन सेंटिमीटरमध्ये उरतात तीनेक कोटी रेणू! ही जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या रिकाम्या जागांपैकी एक.

दहाच मिनिटं उरलीत अशी चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा आता भराभर मांडतो.

समजा, उरलेले रेणूही काढले. मग? एकोणिसाव्या शतकात उत्तर होतं ईथर, प्रकाशाच्या लहरी वाहून नेणारा. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मॉर्ली यांनी पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी लादीवर प्रकाशाच्या दोन काटकोनी वाटा जुळवल्या. दोन्ही वाटांचा प्रकाश एकत्र आला की उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात. ईथर असता तर त्यातून जाणाऱ्या पृथ्वीच्या वेगामुळे, लादी फिरवली की, पट्टे एका पट्ट्याच्या ०.४ इतके सरकायला हवे होते. ते त्याच्या विसाव्या भागाइतकेही सरकले नाहीत. तेव्हा, ज्याच्या सापेक्ष आपला वेग मोजता येईल असा पदार्थ रिकाम्या जागेत नाही.

लायगोची रचना त्याच उपकरणाची. १४ सप्टेंबर २०१५ ला एक गुरुत्वीय लहर आली आणि त्या दोन भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाएवढा फरक पडला. आरसे ढकलले गेले नव्हते. मधली जागाच ताणली-आखडली. जे ताणलं जातं त्याला 'काहीच नाही' म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक विलक्षण. या उपकरणाची एक बाजू मुद्दाम अंधारी ठेवलेली असते. तिथून प्रकाश आत जात नाही, तरी प्रकाशक्षेत्राची किमान अवस्थेतली थरथर (क्वांटमच्या नियमाने ते पूर्ण शांत कधीच नसतं) आत शिरते आणि मापनात खरखर आणते. २०१९ पासून वेधशाळेत नियमितपणे ही थरथर 'पिळतात': खास स्फटिकाच्या मदतीने कलेची (लहर कुठल्या टप्प्यावर आहे त्याची) अनिश्चितता कमी करायची, त्या बदल्यात तीव्रतेची वाढू द्यायची. २०२३ पासून त्यासाठी ३०० मीटरची वेगळी प्रकाश-पोकळी (समोरासमोरच्या आरशांमधली प्रकाशाची वाट) जोडली आहे, म्हणजे प्रत्येक वारंवारितेला हवी तशी पिळणूक करता येते.

या थरथरीचा पुरावा म्हणून कॅसिमिर परिणामाचा दाखला इथे हटकून दिला जातो: १९४८ चं भाकीत, दोन धातूच्या पट्ट्या जवळ आणल्या की ओढल्या जातात, एक मायक्रॉन अंतरावर दाब १.३ मिलिपास्कल. मी तो जपून वापरतो, कारण ते आकर्षण धातूतल्या विद्युतभारांच्या भाषेतही मांडता येतं. अंधाऱ्या बाजूचा दाखला मला जास्त पटतो.

शेवटचा आकडा. विश्वाचं प्रसरण वेगाने वाढतंय हे १९९८ मध्ये दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांवरून कळलं. ते रिकाम्या जागेच्याच ऊर्जेमुळे असेल, तर एका घनमीटरमध्ये ती तीन-चार हायड्रोजन अणूंच्या वस्तुमानाएवढी भरते. लायगोच्या नळीत त्याच घनमीटरमध्ये तीस लाख कोटी रेणू शिल्लक असतात. तिथे ती शोधून सापडायची नाही. त्यासाठी दीर्घिकांच्या मधली जागाच लागते.