निवारा केंद्राचं अनुदान आणि रिकाम्या राहणाऱ्या तीन पाळ्या

श्रोतेहो, नमस्कार.

थंडीच्या दिवसांत रात्री अकराला एखादा म्हातारा महापालिकेच्या बेघर निवारा केंद्राच्या दारात उभा राहतो. दार उघडायला आत कुणी असेल का? हे त्या रात्री ठरत नाही. कित्येक महिने आधी, महापालिका ज्या सामाजिक संस्थेला केंद्र चालवायला देते तिच्या करारनाम्यात आणि अनुदानाच्या हिशेबात ते ठरून गेलेलं असतं. आज त्या हिशेबाविषयी बोलायचं आहे.

शहरी गरिबांसाठीच्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या (हे अभियान 2024 मध्ये संपलं) मार्गदर्शक सूचनांचं माप असं होतं: एक लाख लोकवस्तीमागे 100 माणसांची सोय, एका केंद्रात 50 ते 100 जण, माणशी 50 चौरस फूट जागा. शिवाय आठ-आठ तासांच्या पाळ्यांत किमान तीन काळजीवाहक. बऱ्याच संस्था हा तीनचा आकडा जसाच्या तसा प्रस्तावात उतरवतात, आणि महापालिकेचं कार्यालयही तो मंजूर करतं.

आता जरा बोटांवर मोजू या. दिवसाला तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याला 21. साप्ताहिक सुट्टी धरली तर एक माणूस सहा पाळ्या करतो, तिघांच्या मिळून 18. दर आठवड्याला तीन पाळ्या रिकाम्या! आजारपण, सणवार, गावाकडची निकड अजून धरलेलीच नाही. मग कुणीतरी सलग सोळा तास थांबतो, नाहीतर कुलूप लावून निघून जातो. म्हणून चौथ्या माणसाचा पगार अंदाजपत्रकात हवाच. प्रस्ताव तपासणाऱ्यानं हा एकच आकडा आधी पाहावा. संस्थेनं काम खरंच केलंय की नाही, ते तिथेच कळतं.

दुसरी चूक निविदेत होते. रस्त्याच्या कामासारखा सर्वांत कमी दर पाहून केंद्र दिलं जातं. निवारा केंद्राचा बहुतेक खर्च पगाराचा असतो. दर खाली आला की तो काळजीवाहकाच्या खिशातूनच आलेला असतो, कधी किमान वेतनाच्याही खाली. त्यापेक्षा कामाच्या दर्जाला 70 आणि दराला 30 असं वजन ठेवावं, आणि किमान वेतनात न बसणारा दर सरळ बाद करावा. दर्जाचे गुणही मोघम नकोत. एक वाटणी सुचवतो: शंभरपैकी बेघरांसोबतच्या कामाच्या अनुभवाला 30, माणसांच्या आखणीला 25, लेखापरीक्षण झालेल्या हिशेबाला 20, रुग्णालय, पोलीस ठाणं आणि आधार-रेशनच्या कामांशी असलेल्या जोडणीला 15, चालू कामाच्या प्रत्यक्ष पाहणीला 10. हा गुणतक्ता जाहिरातीतच छापलेला असावा. अर्ज उघडल्यावर गुण ठरवायला बसलं, की आवडत्या संस्थेच्या मापाचा सदरा शिवला जातो.

कुणी नाराज नको म्हणून सगळ्यांना थोडं थोडं वाटणं, ही तर फारच महागात पडणारी सवय. समजा 30 लाख रुपये आहेत आणि ते 20 संस्थांना सारखे वाटले. प्रत्येकीला वर्षाचे दीड लाख, महिन्याला साडेबारा हजार. यात एकही माणूस पूर्णवेळ धड ठेवता येत नाही. मग फलक लागतात, कार्यक्रम होतात, फोटो निघतात.

आणि हितसंबंध. निवड समितीतल्या कुणाचे नातेवाईक संस्थेवर विश्वस्त असतील, तर त्यानं तसं सांगून उठून जावं, आणि ते इतिवृत्तात लिहिलं जावं. नगरसेवकाचा महापालिकेच्या कंत्राटात वाटा असेल, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 10 खाली त्याचं पदच जाऊ शकतं.

पैसे द्यायचे कसे? भरलेल्या खाटांवर पैसे दिले की उन्हाळ्यात पंचाईत होते. लोक उघड्यावर झोपतात, केंद्र ओस पडतं, पण पगार आणि वीजबिल थांबत नाही. मग हजेरीवही खोटी भरायचा मोह होतो. पगार, वीज, पाणी ठरावीक रकमेत द्यावं; जेवण आणि साबण-अंथरूण माणशी धरावं. वही तपासायला दिवसा जाऊन उपयोग नाही. रात्री दहा ते बाराच्या दरम्यान न कळवता जावं, झोपलेली माणसं मोजावीत आणि चादरी धुण्याचं बिल मागावं. पानभर एकाच शाईत, एकाच वळणाचं अक्षर दिसलं तर आणखी चौकशी करावी.

पहिला हप्ता एप्रिलमध्ये आगाऊ गेलाच पाहिजे. खर्च आधी करा, बिलं नंतर द्या, या पद्धतीत लहान संस्था किराणा दुकानदाराच्या उधारीवर केंद्र चालवतात आणि तिसऱ्या महिन्यात मोडतात. त्याबदल्यात संस्थेनं अनुदानाचं स्वतंत्र बँक खातं ठेवावं आणि प्रत्येक हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वेळेवर द्यावं. ते अडतं बहुधा किरकोळ गोष्टींवर: मंजुरीच्या आधीच्या तारखेचं बिल, संस्थेऐवजी एखाद्या विश्वस्ताच्या नावावरची पावती, रोखीनं दिलेला पगार. केंद्र सरकारचा निधी असेल तर खात्यात साठलेलं व्याजही परत करावं लागतं. ते खर्चात दाखवू नका.

तुमच्या शहरात हे कसं झालं, ते पाहायचा तुम्हाला हक्क आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे अनुदानाच्या रकमा आणि लाभार्थी कार्यालयानं न मागता जाहीर करायचे असतात. नसतील केले, तर जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महाराष्ट्रात अर्जाला 10 रुपयांचं शुल्क आहे, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. विषय एकच ठेवा, मजकूर 150 शब्दांच्या आत बसवा. मागायची कागदपत्रं तीन: जाहिरात, भरलेला गुणतक्ता आणि निवड समितीचं इतिवृत्त. आणि करारनाम्याची प्रत हाती आलीच, तर काळजीवाहक किती लिहिलेत, ते आधी बघा.