ताप उतरला, आता खरी काळजी घ्या

"ताप तर कालच उतरला होता हो, आम्हाला वाटलं बरा झाला." डेंग्यूने मूल दगावलं की आईवडील हेच सांगतात. म्हणून आज मला ताप उतरल्यानंतरच्या दोन दिवसांबद्दलच बोलायचंय.

डेंग्यूचा ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो. बहुतेक मुलं तिथून सुधारतात. पण काहींच्या केशवाहिन्या, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्या, नेमक्या तेव्हाच पाझरू लागतात, 24 ते 48 तास. रक्तातलं पाणी पोटात, छातीत साठतं, रक्त दाट होतं आणि हृदयाला पुढे ढकलायला पुरेसं रक्तच उरत नाही. हा डेंग्यूचा शॉक. मुलांमध्ये तो सहज कळत नाही, कारण वरचं बीपी बराच वेळ टिकून राहतं. खालचं मात्र वर सरकतं, आणि दोन्हींतलं अंतर 20 किंवा त्याहून कमी झालं की शॉक सुरू झालाय असं समजायचं. मूल तेव्हाही तुमच्याशी बोलत असतं! हातपाय मात्र गार पडलेले असतात.

घरात सगळे प्लेटलेटचा आकडा विचारतात. त्याच रिपोर्टवर हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, असतो, तोही बघा. प्लेटलेट भराभर घसरताना तो चढत असेल, तर रक्तातलं पाणी पाझरतंय.

पोट सारखं दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, नाकातून-हिरड्यांतून रक्त येतंय, शी काळी झालीय, मूल मलूल आहे किंवा उगाच किरकिर करतंय, सहा तासांत शू नाही. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको.

"त्याला मागे एकदा होऊन गेलाय, आता काय होणार?" असंही म्हणतात. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत, आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. क्यूबात 1977 मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली, 1981 मध्ये दुसऱ्याची. त्या दुसऱ्या साथीत 158 माणसं गेली, त्यातली 101 मुलं होती. तान्ह्या बाळांना तर पहिल्याच लागणीत हा धोका असतो, कारण आईला आधी होऊन गेलेल्या डेंग्यूची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तिच्याकडून त्यांच्या अंगात आलेली असतात.

उपचार म्हणजे मोजून दिलेलं सलाईन आणि तासातासाला तपासणी. मोजून हा शब्द महत्त्वाचा, कारण पाझरलेलं पाणी नंतर रक्तात परत येतं, आणि आधीच जास्त सलाईन दिलेलं असेल तर ते फुप्फुसात भरतं. वेळेत नेलं आणि नीट लक्ष दिलं, तर गंभीर डेंग्यूतही मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली आणता येतं.

घरी असाल तर ओआरएस, पेज, शहाळ्याचं पाणी घोटघोट देत राहा. आणि ताप कुठल्या दिवशी, किती वाजता उतरला ते कागदावर लिहून ठेवा. दवाखान्यात गेलात की डॉक्टर ते विचारतील.